उमर बिन सईद : एका गुलामाचे अरबी आत्मवृत्त

वाचकहो, रात्री निजण्यापूर्वी सूरह अल-मुल्कचे पठण करण्याचा परिपाठ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. आपल्याकडील वडीलधारी माणसे तिला तिच्या पहिल्या शब्दावरून सूरह तबारक म्हणतात. तीस आयतींची ही सूरह लहानपणी एकदा पाठ झाली की सहसा आयुष्यभर साथ सोडत नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात एक छोटेसे अरबी हस्तलिखित जतन केलेले आहे, आणि त्याचा आरंभ याच सूरहने होतो. हस्तलिखित अवघे पंधरा पानांचे असून ते इ. स. १८३१ मध्ये लिहिले गेले. लिहिणारा मनुष्य त्या वेळी उत्तर कॅरोलिना राज्यातील एका जमीनदाराच्या मालकीचा गुलाम होता. अमेरिकेत गुलामगिरीत असताना अरबी भाषेत लिहिलेले आणि आज उपलब्ध असलेले हे एकमेव ज्ञात आत्मवृत्त होय. लेखकाचे नाव उमर बिन सईद.

उमर यांचा जन्म १७७० च्या सुमारास फुता टोरो या प्रदेशात झाला. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल नदीच्या काठचा हा मुलूख आज सेनेगल देशाच्या उत्तरेस मोडतो. फुलानी जमातीची ही मुस्लिम वस्ती शतकानुशतके इल्मसाठी प्रसिद्ध होती. उमर पाच-सहा वर्षांचे असतील, तेव्हा तेथील उलेमांनी जुनी राजवट उलथून टाकली आणि राज्यकारभार एका निवडलेल्या इमामाच्या हाती सोपविला. या इमामास तेथे अलमामी म्हणत. म्हणजे उमर यांचे सारे बालपण आणि तारुण्य विद्वानांच्या राज्यात गेले. त्यांच्या वडिलांना सहा मुलगे आणि पाच मुली, तर आईच्या पोटी तीन मुलगे व एक मुलगी, अशी कुटुंबाची मोजदाद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. आईवडिलांविषयी त्याहून अधिक काही त्यांनी लिहिले नाही.

आपल्या उस्तादांची नावे मात्र ते आवर्जून सांगतात. थोरले बंधू शेख मुहम्मद सईद, मग शेख सुलैमान, आणि त्यानंतर शेख जिब्रील अब्दाल. या तिघांपाशी त्यांनी पंचवीस वर्षे अध्ययन केले. नंतर घरी परतून ते सहा वर्षे राहिले आणि सदतिसाव्या वर्षी पकडले गेले. आपण हा हिशेब मांडून पाहिला, तर वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास हाती तख्ती घेतलेला हा मुलगा तिशी ओलांडेपर्यंत तालिबे-इल्मच होता, असे दिसते. अमेरिकेतील ज्या लोकांनी पुढे त्यांना विकत घेतले, त्यांच्यापैकी कितीजणांनी पंचवीस वर्षे विद्याभ्यास केला असेल, हा प्रश्न आपल्या मनात उठल्यावाचून राहत नाही.

मायदेशातील आपल्या दीनदारीचे वर्णनही त्यांनी केले आहे. पहाट होण्याआधी मशिदीकडे चालत जाणे, वुजू, पाच वेळची नमाज, दरवर्षी सोने, चांदी, धान्य, गुरे, शेळ्या-मेंढ्या, तांदूळ, गहू आणि जव यांतून जकात काढणे, ऐपत असलेल्यांप्रमाणे मक्केची यात्रा करणे, युद्धात भाग घेणे. या सर्व गोष्टी त्यांनी एकापाठोपाठ एक नोंदविल्या आहेत. जकातीच्या यादीत त्यांनी धान्यांची नावे वेगवेगळी लिहिली, याकडे मला आपले लक्ष वेधावेसे वाटते. परमुलखात चोवीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या शेताशिवारातले प्रत्येक दाणे-गोटे आठवत होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फुता टोरोच्या समाजातही गुलाम होते. मुस्लिमांना विकण्यास अलमामी अब्दुल कादिर यांनी विरोध केला आणि आपल्या मुलखातून होणाऱ्या गुलामांच्या वाहतुकीवरून फ्रेंच व्यापाऱ्यांशी त्यांचा झगडाही झाला. पण सरसकट गुलामगिरी तेथे संपली होती, असे मात्र म्हणता येत नाही. १८०६-०७ च्या सुमारास हे अलमामी शत्रूंच्या हातून मारले गेले आणि राज्याची घडी विसकटली. त्याच धामधुमीत उमर पकडले गेले असावेत.

पकडले जाण्याची हकिगत त्यांनी फार थोड्या शब्दांत सांगितली आहे. एक मोठे सैन्य आले, त्याने पुष्कळ लोक मारले, उमर यांना धरून मोठ्या समुद्रापर्यंत चालवीत नेले आणि तेथे ख्रिस्ती व्यापाऱ्यांना विकले. मोठ्या जहाजातून दीड महिना प्रवास झाला आणि दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदर आले. त्या दीड महिन्याविषयी ते काहीच बोलत नाहीत. जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधलेल्या शेकडो माणसांचे जे हाल होत, त्यांची वर्णने इतरांनी लिहून ठेवली आहेत. उमर मात्र एका वाक्यात समुद्र ओलांडतात. हे १८०७ चे वर्ष होते. परदेशातून गुलाम आणण्यास बंदी घालणारा अमेरिकेचा कायदा १ जानेवारी १८०८ पासून अमलात यावयाचा होता. बंदी येण्यापूर्वी हात धुऊन घ्यावेत, म्हणून चार्ल्सटनचे व्यापारी जहाजांमागून जहाजे मागवीत होते. फुता टोरोचा हा आलिम त्या शेवटच्या लाटेत सापडला.

चार्ल्सटनमध्ये त्यांना जॉन्सन नावाच्या मनुष्याने विकत घेतले. उमर यांनी त्याचे चित्र दोनतीन विशेषणांत रेखाटले आहे : ठेंगणा, दुबळा, दुष्ट आणि अल्लाहचे भय नसलेला. उमर स्वतः अंगाने लहानखुरे होते, कष्टाची कामे त्यांच्याकडून होत नसत. अशा माणसाच्या हाती आपला निभाव लागणार नाही हे ओळखून १८१० मध्ये ते पळाले. सुमारे महिनाभर चालत ते उत्तर कॅरोलिनात पोहोचले. रस्ता ठाऊक नाही, भाषा येत नाही, आणि दिसेल तो गोरा मनुष्य त्यांना धरू शकतो, अशी ती पायपीट होती. अखेर एके ठिकाणी त्यांना काही मोठी घरे दिसली. ती बहुधा चर्चची इमारत असावी. चंद्रदर्शनाच्या दिवशी ते त्यांपैकी एका घरात नमाजसाठी शिरले, असे ते लिहितात. वाचकहो, एक महिना जिवाच्या भीतीने रानोमाळ भटकणाऱ्या या माणसाने चंद्राची तिथी सोडली नव्हती. कोणत्या महिन्याचा तो चंद्र होता, हे त्यांनी सांगितलेले नाही.

घोड्यावरून जाणाऱ्या एका पोराने त्यांना पाहिले आणि बापाला जाऊन सांगितले. मग स्वार आले, त्यांच्यासोबत कुत्री होती. बारा मैल चालवीत त्यांना फेएटव्हिल गावी नेण्यात आले आणि तुरुंगात टाकण्यात आले. सोळा दिवस व सोळा रात्री ते तेथे होते. पुढे एक कथा सर्वत्र सांगितली जाते. उमर यांनी चुलीतले कोळसे घेऊन तुरुंगाच्या भिंतींवर अरबी मजकूर लिहिला, तो पाहण्यासाठी गावकऱ्यांची झुंबड उडाली आणि त्यांची कीर्ती झाली, अशी ती कथा आहे. ती गावातल्या लोकांनी नंतर लिहिली. उमर यांच्या स्वतःच्या वृत्तात कोळशाचा उल्लेख नाही. त्यांनी एवढेच सांगितले आहे की एका शुक्रवारी दार उघडले, पुष्कळ ख्रिस्ती माणसे समोर उभी होती, ती आपले नाव विचारीत होती, आणि त्यांची भाषा आपल्याला कळत नव्हती. ते जुम्याचा दिवसही विसरले नव्हते.

मम्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना तुरुंगातून आपल्या घरी नेले. चार्ल्सटनला परत जाणार काय, असे विचारणाराही एक गिऱ्हाईक आला. उमर यांनी पुन्हापुन्हा नकार दिला. मम्फर्डचा जावई जेम्स ओवेन याने त्यांना ब्लेडन परगण्यातील आपल्या मळ्यावर नेले. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, ते या ओवेन कुटुंबाच्या मालकीचे राहिले. जेम्सचा भाऊ जॉन ओवेन १८२८ ते १८३० या काळात उत्तर कॅरोलिनाचा राज्यपाल होता. ओवेन बंधू आपल्याला मारीत नाहीत, शिव्या देत नाहीत, उपाशी किंवा उघडे ठेवीत नाहीत, असे उमर कृतज्ञतेने लिहितात. त्या काळच्या गोऱ्या वृत्तपत्रांनी यातून एक सुखी, समाधानी गुलाम उभा केला. त्यांना मोरो असे विचित्र नाव दिले, कोणी त्यांना राजपुत्र म्हटले, कोणी तर हा माणूस आफ्रिकन नसून अरबच असला पाहिजे असे ठासून सांगितले. काळ्या माणसाला विद्या येते हे मान्य करण्यापेक्षा त्याचा वंशच बदलणे त्यांना सोपे वाटले.

त्यांच्या हाताचा जो सर्वांत जुना लेख सापडला आहे, तो १८१९ चा आहे. कुरआनच्या आयतींच्या मध्ये त्यांनी त्यात एक इच्छा व्यक्त केली आहे : आफ्रिकेतील आपल्या नदीकाठी आपण पुन्हा दिसावे. तो कागद वाचणारे कोणी त्या मळ्यावर नव्हते. समाधानी गुलामाच्या गोष्टीत हा कागद बसत नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो या मासिकाच्या वाचकाला सर्वाधिक अस्वस्थ करील. १८२० च्या सुमारास फेएटव्हिलच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये उमर यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यासाठी अरबी बायबल मुद्दाम मागविण्यात आले. ते आज उत्तर कॅरोलिनातील डेव्हिडसन महाविद्यालयात आहे आणि त्यात उमर यांच्या हातच्या अरबी नोंदी आहेत. आत्मवृत्तात ते स्वतः लिहितात की पूर्वी आपण नमाजमध्ये सूरह अल-फातिहा म्हणत असू, आता हजरत ईसा (अलै.) यांच्या शिकवणीतील प्रार्थना म्हणतो. हे वाक्य लपवून त्यांचे चरित्र सांगणे हा खोटेपणा होईल.

परंतु त्याच हस्तलिखिताचे पहिले पान आपण पाहावे. आरंभी बिस्मिल्लाह आहे. मग प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद आहे. मग सबंध सूरह अल-मुल्क आहे, आणि त्यानंतरच चरित्राला सुरुवात होते. सारी सत्ता, सारी मालकी अल्लाहच्या हाती आहे, या घोषणेने ती सूरह सुरू होते. मुल्क या शब्दाच्या धातूतच मालकीचा अर्थ आहे. ज्याच्या देहाची मालकी कागदोपत्री दुसऱ्याच्या नावे लागलेली होती, त्याने ११४ सूरहांमधून नेमकी हीच निवडली. आधुनिक अभ्यासकांनी या निवडीकडे लक्ष वेधले आहे, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. सबब, ही निवड केवळ योगायोगाची मानण्याइतके उमर अडाणी नव्हते.

दुसरा एक कागद १८५७ चा आहे. तो उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ही ख्रिस्ती प्रार्थना आहे, अशी टीप त्यावर कोणीतरी इंग्रजीत लिहून ठेवली होती. अरबी जाणणाऱ्यांनी तो कागद वाचला, तेव्हा ती तीन आयतींची सूरह अन-नस्र निघाली. अल्लाहच्या दीनमध्ये लोकांचे थवेच्या थवे प्रवेश करतात, असा जिचा आशय आहे. बाप्तिस्म्याला तेव्हा पस्तीसहून अधिक वर्षे उलटली होती. चुकीची टीप ज्याने लिहिली त्याला कोणी फसविले की तो स्वतःच गैरसमजात राहिला, हे त्या कागदावर लिहिलेले नाही.

काहीजण म्हणतात, उमर मनापासून ख्रिस्ती झाले. काहीजण म्हणतात, त्यांनी अखेरपर्यंत ईमान लपवून जपले. आपल्यातील अनेकांना हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांचे उदाहरण आठवेल, जबरदस्तीखाली ज्याच्या तोंडून काही निघाले पण ज्याचे अंतःकरण ईमानवर स्थिर राहिले, त्याला कुरआनने दोषमुक्त केले आहे. परंतु उमर यांच्यावर कोणी तलवार धरली होती असे कागद सांगत नाहीत, आणि जो मनुष्य दुसऱ्याची मालमत्ता आहे, त्याच्या होकाराला होकार म्हणावे काय, हेही कागद सांगत नाहीत. मनातली गोष्ट अल्लाहच जाणतो. त्यांना परत आपल्या पंक्तीत ओढण्याची घाई मी करणार नाही, तशीच त्यांना पंक्तीतून उठविण्याचीही करणार नाही. कागदांवर जे उमटले आहे ते तेवढेच आहे, आणि तेही थोडे नाही.

१८३१ मध्ये कोणी शेख हंटर यांनी त्यांना चरित्र लिहावयास सांगितले. उमर आधी क्षमा मागतात. आपली मातृभाषा आपण पुष्कळ विसरलो आहोत, अरबीही विसरलो आहोत, व्याकरण थोडेच उरले आहे आणि शब्दसंग्रहही थोडाच, तेव्हा वाचणाऱ्या बांधवांनी दोष देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. पंचवीस वर्षे नहव आणि लुगत शिकलेल्या माणसाने हे लिहिणे आपण क्षणभर समजून घ्यावे. बोलावयास कोणी नाही, उजळणीला ग्रंथ नाहीत, मुतालआ करावयास साथी नाही. सूरह अल-मुल्कही त्यांनी आठवणीतून लिहिली आणि तीत कुठे कुठे चुका राहून गेल्या आहेत. आपल्या हाफिजांना रमजानमध्ये मागून लुकमा देणारा असतो; ब्लेडनच्या मळ्यावर तसा कोणी नव्हता.

लिपीविषयीही सांगितले पाहिजे. आपण कुरआन ज्या वळणाच्या अक्षरांत वाचतो, तसे हे अक्षर नाही. पश्चिम आफ्रिकेत प्रचलित असलेल्या मगरिबी वळणाचे ते आहे. त्यात फे या अक्षराचा नुक्ता खाली असतो आणि काफ या अक्षराला वरती एकच नुक्ता असतो. म्हणजे आपल्या मकतबातील मुलाने ते पान उघडले, तर काफला तो फे वाचील. लहानपणी हाताला लागलेले वळण चोवीस वर्षांच्या गुलामगिरीने मोडले नाही.

हे आत्मवृत्त लिहिले जाण्याच्या आदल्याच वर्षी, १८३० मध्ये, उत्तर कॅरोलिनाच्या विधिमंडळाने गुलामांना लिहावाचायला शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. १८३१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात नॅट टर्नर याच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला आणि गोऱ्या वस्त्यांत घबराट पसरली. अशा काळात एक गुलाम उघडपणे पानेच्या पाने लिहीत होता. कायदा झाला तेव्हा तो अरबीत पूर्ण शिकून आलेला होता, आणि कोणाला ती भाषा वाचता येत नव्हती म्हणून कोणाला तिचे भय वाटले नाही. मालकाला आपले लिखाण वाचता येत नाही, याचा एक फायदा आणखी होता. गुलामांनी इंग्रजीत लिहिलेली अनेक चरित्रे गोऱ्या संपादकांच्या हातून गेली, त्यांनी ती दुरुस्त केली. उमर यांच्या पानांवर तसा हात फिरला नाही.

हस्तलिखिताचा पुढचा प्रवासही ऐकण्याजोगा आहे. १८३६ मध्ये ते न्यूयॉर्कमधील लामीन केबे यांच्याकडे पोहोचले. केबे हेही पश्चिम आफ्रिकेतील मुस्लिम शिक्षक होते आणि सुमारे तीस वर्षांच्या गुलामगिरीनंतर मुक्त झालेले होते. त्यांनी ते थिओडोर ड्वाइट या विद्वानाला दिले. आफ्रिकेत मदरसे आहेत, तेथे मुले-मुली शिकतात, हे केबे यांच्या तोंडून ऐकून ड्वाइट थक्क झाला. आपल्या मायदेशात शिकविल्या जाणाऱ्या तीसेक ग्रंथांची नावे केबे यांनी त्याला सांगितली. ड्वाइटने उमर यांच्या हस्तलिखिताचे भाषांतर करविले. पुढे ते अनेक हातांतून गेले, १९२५ मध्ये एका इतिहासविषयक नियतकालिकात त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, आणि मग मूळ पाने दिसेनाशी झाली. १९९५ मध्ये व्हर्जिनियातील एका जुन्या ट्रंकेत ती सापडली. एका संग्राहकाने ती लिलावात घेतली. २०१७ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाने ती विकत घेऊन जीर्ण पानांचे संवर्धन केले आणि जानेवारी २०१९ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली.

उमर यांना स्वातंत्र्य मिळाले नाही. १८६४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते ब्लेडन परगण्यात मरण पावले. यादवी युद्ध तेव्हा चालूच होते. गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरात अमलात आली. ज्या फेएटव्हिलमध्ये त्यांना सोळा दिवस कोंडले होते, तेथे आता त्यांच्या नावाची मशीद उभी आहे.

काँग्रेसच्या ग्रंथालयातील त्या संग्रहात एकूण बेचाळीस कागदपत्रे आहेत, काही अरबी व काही इंग्रजी. उमर यांचे आत्मवृत्त हे त्यांपैकी एक. पनामात गुलाम असलेल्या एका पश्चिम आफ्रिकन मुस्लिमाच्या हातचा अरबी कागदही त्यात आहे. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांना अरबी येते, त्यांनी तो संग्रह घरबसल्या उघडून पाहावा. वाचताना फे आणि काफचे नुक्ते तेवढे सांभाळावेत.